ग्रँट संपल्यावर काय?
वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेत ग्रामीण आणि ट्रायबल (मूळ अमेरिकी जमातींच्या) पोलिसांना फेडरल म्हणजे केंद्र सरकारचा पैसा मिळाला की गुन्हेगारी आपोआप कमी होईल, मला नाही पटत. पैसा हवाच हो, नवाहो जमातीच्या प्रदेशाचा, नवाहो नेशनचा, पसारा २७ हजार चौरस मैलांचा अन् पोलीस जेमतेम दोनेकशे, रात्री फोन केला तर गाडी यायला कधीकधी तासन्‌तास लागतात. पण हायरिंग ग्रँट, म्हणजे पोलीस भरतीसाठीचं अनुदान, साधारण ३ वर्षांची, नंतर पगार कुठून द्यायचा? छोट्या ठाण्यात तर अर्ज भरायलाही वेगळा माणूस नसतो. आणि अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या १९७८ च्या ऑलिफंट निकालामुळे मूळ अमेरिकी नसलेल्या माणसाने रिझर्व्हेशनवर (जमातीच्या राखीव प्रदेशात) गुन्हा केला तर ट्रायबल कोर्टाला बहुतेक वेळा खटलाच चालवता येत नाही, २०१३ आणि २०२२ मध्ये ठरावीक गुन्ह्यांपुरता अधिकार परत मिळाला तेवढाच. आधी तो वाढवा ना!