मेलुह्हाची जहाजे परतताना काय आणत होती?

प्रश्न : वाळूघड्याळ

हडप्पा संस्कृतीविषयी वाचताना एक विसंगती सतत खटकते. मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) अक्कडचा राजा सार्गोन (इ.स.पू. सुमारे २३००) मेलुह्हा, मागन आणि दिलमुनची जहाजे आपण अक्कडच्या धक्क्याला लावली, अशी बढाई मारतो आणि मेलुह्हा म्हणजे सिंधूचे खोरे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिथल्याच ऊर नगराच्या राजदफनभूमीत पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना क्षाराने पांढरी नक्षी उमटवलेले कार्नेलियनचे, म्हणजे लाल अकीकाचे मणी मिळाले, तेही सिंधू खोऱ्याच्याच धाटणीचे आहेत. माल तिकडे जात होता, हे उघड आहे. परंतु मोहेंजोदडो किंवा हडप्पा येथे मेसोपोटेमियाच्या वस्तू जवळजवळ सापडतच नाहीत. मग या व्यापाऱ्यांनी मोबदल्यात घेतले तरी काय? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर : जुना_बाजार

आपला प्रश्न रास्त आहे, मात्र त्यामागे एक गृहीतक दडलेले आहे. उत्खननात जे टिकते तेच आपल्याला दिसते. दक्षिण मेसोपोटेमियात दगड, धातू आणि चांगले लाकूड यांची वानवा होती. विपुल होते ते धान्य, तेल आणि लोकर. लगशसारख्या नगरांत मंदिरांच्या आणि राज्याच्या विणकामशाळांमध्ये हजारो स्त्रिया राबत होत्या, असे तिथल्या मातीच्या पाट्यांवरच्या हिशेबांतून कळते. लोकरी कापड जहाजात भरून आणले असेल, तर चार हजार वर्षांनी त्याचा धागाही उरणार नाही. आपल्या घरातले कपाट कुजून गेले आणि फक्त भांडी उरली, तर पुढचे संशोधक आपण कपडे वापरतच नव्हतो असे म्हणतील काय?

उत्तर : खाडीकाठ

वरील मत मला अर्धेच पटते, कारण त्यात जहाज थेट ऊरला जाऊन थेट परत येते असे धरले आहे. प्रत्यक्षात मधल्या थांब्यांचे महत्त्व फार मोठे होते. ओमानच्या किनाऱ्यावर रास अल-जिन्झ येथे हडप्पाकालीन मातीची भांडी मिळाली, तशीच लव्हाळ्यांचे ठसे उमटलेली, बोटींना लावण्याच्या डांबराची ढेकळेही मिळाली. मागन म्हणजे हाच ओमान, आणि तिथे तांबे होते. त्यामुळे जहाज परतीच्या वाटेवर तांबे घेत असेल, तर ते सिंधू खोऱ्यात वितळवून भांडी-हत्यारांत जिरले आणि ‘परदेशी वस्तू’ म्हणून ओळखण्याजोगे राहिलेच नाही.

दिलमुनमध्ये, म्हणजे आजच्या बहरीनमध्ये, हडप्पा प्रमाणाची घनाकृती दगडी वजने सापडली आहेत. साधारण १३.७ ग्रॅमचे एकक आणि त्याची दुप्पट, चौपट अशी चढती मालिका, हे आपले माप परक्या बंदरात मान्य होते, ही बाब मला कोणत्याही मण्यापेक्षा बोलकी वाटते. गुजरातमधील लोथल या हडप्पाकालीन स्थळाचे ते प्रसिद्ध आयताकृती बांधकाम गोदी होती की तलाव, या वादात मी शिरत नाही. पर्शियन आखाताच्या शैलीची मुद्रा मात्र तिथे निश्चितच मिळाली आहे.

पुन्हा प्रश्न : वाळूघड्याळ

दोघांचेही आभार. महाराष्ट्रातील दायमाबादची कांस्यशिल्पेही याच व्यापाराशी जोडता येतील का?

उत्तर : जुना_बाजार

तसे जोडू नये. प्रवरेकाठी १९७४ मध्ये मिळालेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या काळाबद्दलच मतभेद आहेत. ती उत्तर हडप्पा काळातली मानली, तरी इ.स.पू. १९०० नंतर नगरे ओस पडू लागली होती आणि मेसोपोटेमियाशी असलेला समुद्री व्यापार ओसरत चालला होता.

उत्तर : खाडीकाठ

एक मुद्दा राहिला. व्यापाऱ्यांतले काही जण परतलेच नसावेत. लगशच्या परिसरात ‘मेलुह्हाचे गाव’ होते, असे ऊरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळातील नोंदी सांगतात. त्याआधीच्या अक्कडी काळातील, आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या एका मुद्रेवर शू-इलिशू हा मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषा असल्याचे कोरले आहे. हडप्पा मुद्रांवर सरासरी पाचच चिन्हे आणि तीही आजवर वाचता न आलेली. त्यामुळे दोन लिप्यांतला लेख मिळायचाच असेल, तर तो मोहेंजोदडोपेक्षा अशा गावाच्या ढिगाऱ्यात मिळण्याची शक्यता मला अधिक वाटते, कारण दुभाष्याची गरज तिथे होती.