मदत हवी आहे: रिक्रूटिंगमधून प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये जाऊ का? (जरा घाई आहे)

निळीशाई
नमस्कार. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. मी रिक्रूटिंगमध्ये आहे. एक विचारणा झाली आहे, शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. माणसांशी संबंध येणारं काम सोडायचं नाही, पण आहे हे असंच चालू राहिलं तर डोकं फिरेल. प्रोजेक्ट मॅनेजमेंट बरं वाटतंय. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजरचं प्रमाणपत्र) आधी करावं की आत शिरून मग? कोणी असा बदल केला असेल तर लवकर सांगा. मनाचं ऐक, हे घरचे सांगून झालेत, ते नको.

कागदीवाघ
पीएमपी करा. डोळे झाकून. त्याशिवाय प्रोजेक्टवाले तुम्हाला दारात उभं करणार नाहीत. माझं सगळं त्यानंतरच मार्गी लागलं.

चौकस
थांबा हो वाघसाहेब. विचारणा कसली, कोणाकडून? एजन्सीत आहात की कंपनीच्या एचआरमध्ये? अनुभव किती? आणि "आहे हे असंच" म्हणजे कसं? काहीच न सांगता लोकांनी काय सांगावं अशी अपेक्षा आहे?

निळीशाई
कंपनीतच आहे. विचारणाही आतूनच. बाकीचं तितकं महत्त्वाचं नाही, पीएमपीचं कोणी सांगेल का?

रानवारा
पीएमपी मनात आलं आणि केलं असं होत नाही. पदवीधराला प्रोजेक्टचं नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. अनुभव नसेल तर पीएमपी देणाऱ्या संस्थेचीच सीएपीएम ही सुरुवातीची परीक्षा आहे, तिला २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं. वाघ, हे तुम्हाला माहीत असणारच, मग डोळे कशाला झाकायला लावता?

कागदीवाघ
भरती हाही प्रोजेक्टच की. जागा निघते, माणूस मिळतो, जागा बंद. झाला अनुभव. शिवाय पीएमपी परीक्षेच्या २०२१ च्या आराखड्यात ४२ टक्के प्रश्न माणसांबद्दलच होते, ताईंना सोपंच जाईल.

रानवारा
रोजची भरती म्हणजे ऑपरेशन. एक जागा भरली की दुसरी हजर, त्याला शेवट कुठे आहे? नवीन शाखा अमुक तारखेला सुरू करायची, त्याआधी सगळी माणसं रुजू हवीत, असं काही केलं असेल तर ते नक्की दाखवावं. उगाच फुगवून लिहिलं आणि अर्ज ऑडिटला गेला तर ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांच्या सह्या आणाव्या लागतात. आणि ते ४२ टक्के बघताना त्याच आराखड्यातले प्रक्रियेचे ५० टक्के दिसले नाहीत वाटतं.

स्क्रमसखा
पीएमपी वगैरे जुनं झालं. स्क्रम मास्टर व्हा, म्हणजे स्क्रम नावाच्या पद्धतीने काम करणाऱ्या टीमला मदत करणारी व्यक्ती. माणसांचंच काम, रोज पंधरा मिनिटं टीमशी बोलायचं, अडथळे दूर करायचे.

रानवारा
ती पंधरा मिनिटं टीमची असतात, स्क्रम मास्टरची नव्हे. आणि उरलेल्या दिवसाचं काय करायचं?

ताकतुंबा
अवांतर आहे, पण धागाकर्ती रिक्रूटर आहेत म्हणून विचारतो. तीन-तीन फेऱ्या घेऊन तुम्ही लोक गायब का होता? मेल नाही, फोन नाही. नकार द्या, पण द्या तरी!

निळीशाई
कारण आम्हालाच कोणी काही सांगत नाही! मुलाखत झाली की ज्याच्या टीममध्ये जागा भरायची त्या हायरिंग मॅनेजरकडून फीडबॅक यायला आठवडा जातो. उमेदवार मला फोन करतो, मी मॅनेजरला पिंग करते, तो 'सीन' करून गप्प. मग उमेदवार दुसरीकडे ऑफर घेतो आणि आढावा बैठकीत मलाच विचारतात, जागा अजून उघडी का? शेवटी मी एक शीट बनवली: कोणता उमेदवार कोणाच्या टेबलावर, कधीपासून अडकलाय. 'सध्याची स्थिती' असा रकाना ठेवला तर सगळे त्यात 'सुरू आहे' एवढंच लिहायचे. तो काढला आणि 'आता कोणी काय करायचं, कधीपर्यंत' असा केला. दर सोमवारी सगळ्यांना पाठवते. आता निदान लाजेकाजेस्तव उत्तरं येतात. आमच्या इथे भरतीचं सॉफ्टवेअर बदलतंय, ती शीट बघूनच एचआरकडून मला त्या प्रोजेक्टवर घ्यायचं म्हणताहेत. रिक्रूटिंगचं काम 'थोडंसं' चालू ठेवायचं.

चौकस
घ्या! हे पहिल्या पोस्टमध्ये आलं असतं तर अर्धा धागा वाचला असता. थोडंसं म्हणजे किती?

शोधनिबंध
माझं मत वेगळं आहे. रिक्रूटिंग सोडूच नका, मुलाखती सुधारा. १९९८ साली श्मिट आणि हंटर यांनी निवडीच्या पद्धतींची जी क्रमवारी लावली, ती बरीच वर्षं प्रमाण मानली जायची. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच आकडेमोड पुन्हा तपासली, तेव्हा पुढच्या कामगिरीचा अंदाज बांधण्यात स्ट्रक्चर्ड मुलाखत सर्वांत वर आली. म्हणजे सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, गुण देण्याची रीत आधी ठरलेली, आणि परीक्षकांनी आपसात बोलायच्या आधी गुण लिहून द्यायचे. तुमच्याकडे हे होतं का?

निळीशाई
नाही होत. पण मी ते विचारलेलंही नाही हो.

जुना_खेळाडू
उशिरा येतोय. मी एजन्सीतली भरती, मग कंपनीतली, आणि आता अशाच सिस्टिम्सचे प्रोजेक्ट, या क्रमाने आलोय.

पीएमपीचा विषय शुक्रवारपुरता बाजूला ठेवा. ती शीट म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटच आहे, फक्त त्या पदाचा पगार तुम्हाला मिळत नाहीये.

पण तिकडे गेल्यावर लोकांच्या उत्तरांची वाट बघणं संपेल, अशा भ्रमात राहू नका. उत्तर न देणारा मॅनेजर इथे आहे, तिकडे तारीख न देणारा व्हेंडर असेल आणि 'आमच्याकडे तिकीट टाका' म्हणणारं आयटी असेल. दोघंही तुमच्या हाताखाली नाहीत. फरक एवढाच की प्रोजेक्टमध्ये अडलेली गोष्ट वर नेण्याची वाट आधीच ठरवून घेता येते. तेव्हा पहिला प्रश्न: स्पॉन्सर, म्हणजे प्रोजेक्टच्या पाठीशी उभी राहणारी वरिष्ठ व्यक्ती, कोण? हायरिंग मॅनेजर नवीन सिस्टिम वापरायला नाही म्हणाले तर त्यांना कोण बोलणार? 'एचआर टीम' हे उत्तर चालणार नाही, एका माणसाचं नाव घ्या.

दुसरं ते 'थोडंसं'. जुन्या सिस्टिममधून डेटा हलवायच्या आठवड्यात तुमच्या अंगावर उघड्या जागा असतील तर दोन्ही कामं बोंबलतील. नव्या सिस्टिमवर जायच्या सुमारास काही दिवस जुनीत नोंदी थांबवाव्या लागतात, आणि नेमकं तेव्हाच एखादा व्हीपी 'माझी जागा अर्जंट आहे' म्हणतो. किती जागा राहणार आणि बाकीच्या कोणाकडे जाणार, हे मेलवर घ्या. तोंडी नको.

तिसरं, जे लोक विचारायचं विसरतात: सिस्टिम सुरू झाल्यावर तुम्ही कुठे? परत जुन्या खुर्चीत, जुन्याच पदनामावर? की ती सिस्टिम, तिचे रिपोर्ट, पुढचे बदल तुमच्याकडे? दुसरं असेल तर ती रिक्रूटिंग ऑपरेशन्सची भूमिका झाली, आणि तुम्हाला माणसंही हवीत नि शिस्तही, तर ती तुम्हाला जास्त मानवेल असं मला वाटतं. या कामातला अर्धा वेळ माणसांची समजूत काढण्यातच जातो.

कागदीवाघ
आणि मग पीएमपी.

जुना_खेळाडू
हो, वाघ, मग पीएमपी. या प्रोजेक्टचे महिने, तारखा आणि स्वतः काय ठरवलं ते पहिल्या दिवसापासून टिपून ठेवा, पुढे अर्जात उपयोगी पडेल.

गोंधळलेला_पदवीधर
इथे अनुभवी लोक दिसताहेत म्हणून विचारतो, रेझ्युमे दोन रकान्यांचा असला तर सॉफ्टवेअर वाचत नाही हे खरं का?

चौकस
वेगळा धागा काढा रे. (एकाच रकान्याचा ठेव. काही सॉफ्टवेअर दोन रकाने वाचताना ओळींची सरमिसळ करतात.)

निळीशाई
बोलून आले. स्पॉन्सरचं नाव मिळालं, वित्त विभागाच्या प्रमुख आहेत, एचआरच्या नाहीत. मला हे बरंच वाटलं, त्यांना मॅनेजर लोक टाळू शकत नाहीत. जागांचं मेलवर आलं: ज्या ऑफरच्या टप्प्यात आहेत तेवढ्या मी पूर्ण करायच्या, बाकी सहकाऱ्याकडे. नंतर कुठे, यावर 'बघू'. मी लिहिलं की सिस्टिम सुरू व्हायच्या महिनाभर आधी हे ठरलं पाहिजे, त्यावर 'ठीक' असं उत्तर आलंय. हो कळवतेय.

आता पुढचं: सुरुवात कुठून करू? व्हेंडरने भलीमोठी टेम्प्लेट पाठवलीये.

जुना_खेळाडू
टेम्प्लेट आत्ता उघडू नका. आधी सगळ्या रिक्रूटरना एकत्र बसवा आणि जुन्या सिस्टिममधल्या प्रत्येक स्टेजचा अर्थ विचारा. 'शॉर्टलिस्टेड' म्हणजे तुमच्या मते निवडलेला की मॅनेजरने होकार दिलेला? प्रत्येक जण वेगळं सांगेल. आणि जागा भरायला लागलेले दिवस कधीपासून मोजता, मंजुरी मिळाल्यापासून की जाहिरात टाकल्यापासून? हे ठरवून त्या वित्तवाल्या बाईंची सही घ्या. नाहीतर नव्या सिस्टिमचा पहिला रिपोर्ट येईल, जागा भरायला दुप्पट दिवस लागताहेत असं दिसेल आणि सगळे सॉफ्टवेअरला शिव्या देतील. एकाच उमेदवाराच्या दोन-तीन नोंदी असतील, त्या मात्र हलवायच्या आधीच एक करून घ्या, नंतर फार छळतात.

निळीशाई
'शॉर्टलिस्टेड'वर आत्ताच चॅटवर विचारलं. चौघींची चार उत्तरं आलीत.