डबल दिसायलंय, प्रोग्रेसिव्हमधी प्रिझम टाकू का? बजेट ६ हजार

मोंढ्यातला_मुनीम: परभणीला आडतीवर हिशेब लिहितो, वय ५४. वहीतली एक ओळ दोन दिसायलीय, एकाखाली एक. कोणताबी एक डोळा झाकला की बरोबर. डॉक्टरनी सगळं तपासून ३ प्रिझम (चित्र सरकवून दोनाचं एक करणारी काच) लिहून दिलंय. आत्ताच्या प्रोग्रेसिव्हसारख्याच (एकाच काचेत वर दूरचं, खाली वाचायचं) चष्म्यात बसतंय का? ६ हजाराच्या वर जमत नाही.

लातूरचा_पाटील: डोळे झाकून घ्या भाऊ. मी २२ हजाराचा केला, एक नंबर. काच ब्रँडेडच घ्या.

मोंढ्यातला_मुनीम: साहेब, ६ लिहिलंय.

गोदाकाठ: शुगर हाय का? मेव्हण्याची शुगरनं डोळ्याची नस गेली होती, अचानक डबल दिसायलं, आम्ही घाईघाईत प्रिझमचा चष्मा केला अन् तीन महिन्यांत नस आपोआप नीट झाली, आता तो चष्मा कपाटात पडलाय. अगोदर फ्रेनेल लावून बघा, काचेवर चिकटवायची पातळ प्लास्टिकची पट्टी असती, नको झाली की काढता येती.

बीडकर७१: फ्रेनेलमधून धुरकट दिसतं, रेघा रेघा. चार दिवसांत काढून फेकली.

गोदाकाठ: उलटी लावली असंल.

बीडकर७१: दुकानदारानंच लावली होती राव!!

लातूरचा_पाटील: म्हणून म्हणलं ब्रँडेड घ्या.

काचवाला_जालना: चष्म्याच्या धंद्यात १९ वर्षं झाली. ३ प्रिझम म्हणजे एक मीटरवर चित्र ३ सेंटीमीटर सरकतं. ते दोन काचांत दीड-दीड वाटायचं, एकीत बेस (प्रिझमची जाड बाजू) वर, दुसरीत खाली. फ्रेम लहान घ्या, मोठीत काठ जाड येतो. प्रोग्रेसिव्हमधी बसतं, पण काका, दूरचंबी डबल दिसतंय का फक्त वाचतानाच? वरपासून खालपर्यंत प्रिझम सारखंच येतं, दूरला गरज नसंल तर तिथं उलट त्रास व्हायचा.

मोंढ्यातला_मुनीम: दूरचं एकच दिसतं. खाली वहीत बघितलं की डबल.

काचवाला_जालना: मग डॉक्टरला विचारून निव्वळ वाचायचा वेगळा चष्मा करा, त्यात प्रिझम. ६ च्या आत बसंल. वही जरा वर धरून समोर बघत वाचा, फरक पडंल.

लातूरचा_पाटील: दोन-दोन चष्मे कोण सांभाळणार? माझा एकच, २२ चा.

मोंढ्यातला_मुनीम: सगळ्यांचे आभार. सोयाबीनची आवक चालू झाली, आता दवाखान्यात कोण जातंय. डाव्या काचेच्या खालच्या अर्ध्याला चिकटपट्टी लावलीय. ओळ एकच दिसायलीय. शेठ विचारायलाय, चष्मा फुटला का म्हणून.