डॅलसमधल्या नवीन प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये मेंबर व्हायचंय, पण चर्चचे वडील (एल्डर) कोण तेच कळेना

मिरजवाला:
सगळ्यांना जय ख्रिस्त. आम्ही दोघं मिरज-कोल्हापूरकडचे, सीएनआयमध्येच (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) वाढलेलो, आता डॅलसजवळ राहतो. इथे एका शाळेच्या जिममध्ये पीसीएचं (प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिका) नवीन चर्च सुरू झालंय, साठेक माणसं असतील, खुर्च्या आपणच लावायच्या आपणच उचलायच्या, पाळक तरुण आहेत आणि वचन फार मनापासून सांगतात. आता मेंबरशिप क्लास आहे. पण सगळं एकटे पाळकच बघताना दिसतात, वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे एल्डर, कोण विचारलं तर म्हणाले सध्या आमचे वडील दुसऱ्या चर्चमधले आहेत, हे काही मला झेपलं नाही. याआधी आम्ही तीन वर्षं एका स्वतंत्र चर्चमध्ये होतो, तिथे पास्टर म्हणतील तेच, हिशोब विचारला तर तुमचा विश्वास कमी आहे म्हणून ऐकवायचे, बायको रडत बाहेर पडली होती, परत तेच नकोय. दुसरं म्हणजे हातात वेस्टमिन्स्टर कन्फेशन (त्यांच्या शिकवणुकीचं लेखी कबुलीपत्र) दिलंय, ३३ अध्याय, सगळं मान्य केलं तरच मेंबर का? आणि मुलगी पाच महिन्यांची आहे, बाप्तिस्मा देतील ना?

जर्सीकर:
भाऊ, मी न्यूजर्सीत पीसीएच्याच चर्चमध्ये वडील आहे, आमचंही असंच एका हॉलमध्ये सुरू झालेलं. पाळक बोलले ते बरोबर आहे. नवीन चर्च आधी 'मिशन चर्च' असतं, त्याचे स्वतःचे वडील नसतात, म्हणून प्रेस्बिटरी (त्या भागातल्या सगळ्या चर्चचे पाळक आणि वडील मिळून) तात्पुरतं सेशन (चर्चचा कारभार बघणारी पाळक आणि वडिलांची समिती) नेमते किंवा जवळच्या जुन्या चर्चचं सेशन ती जबाबदारी घेतं. मंडळी थोडी स्थिरावली की तुम्हीच आपल्यातली माणसं सुचवायची, त्यांचं ट्रेनिंग होतं, परीक्षा होते, मग मंडळी मतदान करून वडील आणि डिकन (गरजूंची सेवा बघणारे) निवडते आणि तेव्हा ते पूर्ण चर्च होतं. पाळकांनासुद्धा मंडळी मत देऊनच बोलावते. आणि तुमच्या भीतीबद्दल मुद्दाम सांगतो, पाळक त्या चर्चचे मेंबर नसतातच, ते प्रेस्बिटरीचे मेंबर, त्यांचं काही चुकलं तर प्रेस्बिटरी जाब विचारते. सेशनमध्ये त्यांचं एकच मत. सेशनचा निर्णय पटला नाही तर साध्या मेंबरलाही वरती तक्रार नेता येते. म्हणून रविवारी सरळ विचारा, तात्पुरत्या सेशनवर कोण कोण आहे, मला भेटता येईल का, आणि पैशाचा हिशोब कोण तपासतं. हे विचारण्यात काही गैर नाही, नावं सांगायला टाळाटाळ झाली तर मात्र थांबा.

कन्फेशनचं म्हणाल तर ते पाळक, वडील, डिकन यांना बंधनकारक, कुठे मत वेगळं असेल तर तेही त्यांना आधी सांगावं लागतं. मेंबरला पाच प्रश्न असतात, मी पापी आहे, येशूवरच तारणासाठी भिस्त ठेवतो, त्याच्यामागे चालायचा प्रयत्न करीन, चर्चच्या उपासनेला कामाला हातभार लावीन, आणि चर्चची शिस्त मानीन. कन्फेशनचा तिसरा अध्याय, देव कोणाला तारणासाठी निवडतो तो, वाचून मी स्वतः कितीतरी रात्री जागलोय, तरी मला मेंबर करून घेतलं होतं. १०७ प्रश्नांची छोटी प्रश्नोत्तरावली आहे तिथून सुरुवात करा, पहिलाच प्रश्न माणूस कशासाठी आहे, उत्तर देवाचं गौरव करायला आणि सर्वकाळ त्याच्यात आनंद करायला. आम्ही मुलांना झोपताना हेच म्हणायला लावतो.

बाळाचा बाप्तिस्मा होईल, आईबापांपैकी एक जण तरी विश्वासात असून मेंबर असला की झालं. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस) मात्र तिने मोठी होऊन सेशनपुढे स्वतः विश्वास कबूल केल्यावर.

पन्हाळ्याची_सून:
मिरजवाला दादा, एक गोष्ट वहिनींना आधीच सांगा. पीसीएमध्ये बाई पाळक किंवा वडील होऊ शकत नाही, डिकनचा अभिषेकही नाही, काही चर्चमध्ये बायका डिकनांच्या बरोबरीने काम करतात पण पद नाही. माझ्या सासूबाई गावाकडे पास्टोरेट कमिटीवर (मंडळीचं काम बघणारी कमिटी) होत्या, उपासना चालवायच्या, त्यामुळे मला हे फार जड गेलं आणि शेवटी आम्ही पीसी यूएसएमध्ये (दुसरा प्रेस्बिटेरियन पंथ) गेलो, तिथे बाई पाळक आहेत. नाव दोन्हीकडे प्रेस्बिटेरियनच, पण पीसीए १९७३ मध्ये वेगळी झालेली आणि शिकवणुकीत जास्त कडक. पीसीएतली माणसं प्रेमळ आहेत हो, आमच्या बाळंतपणात त्यांनीच डबे आणले. पण नंतर कळून मन दुखण्यापेक्षा आज घरात बोललेलं बरं.

जुना_वाचक:
मिरजेचे आहात म्हणजे हे तुम्हाला परकं नाही. डॉ. वॉनलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचेच, त्यांनी काढलेलं मिरजेचं हॉस्पिटल १८९४ चं. तुमच्या आजोबांच्या वेळी तिकडच्या मंडळ्यांत वडील आणि सेशन हेच होतं, १९२४ मध्ये दुसऱ्या मंडळ्यांशी मिळून युनायटेड चर्च झालं आणि १९७० मध्ये नागपुरात सीएनआय, तेव्हा बिशप आले. घरी कोणी म्हातारं माणूस असेल तर विचारून बघा.

मिरजवाला:
सगळ्यांचे आभार. आईला फोन केला, ती म्हणाली आजोबा सेशनचे वडील होते, रविवारी लेंग्यावर काळा कोट घालून जायचे, मला हे कधी माहीतच नव्हतं. बायकोशीही बोललो, बायकांच्या पदाचं तिला पटलेलं नाही, ती म्हणते आधी सेशनच्या माणसांना घरी जेवायला बोलव, मी स्वतः विचारते. पुढच्या शनिवारी दोघे जण येतायत. मेंबरशिपचा फॉर्म त्यानंतरच भरू.