हॉलंडमधलं खाणं, गोडधोड आणि तुमच्या आठवणी (अनुभव धागा)

आज सकाळी भाचीसाठी बाळंतशोपा भाजत होते. तिचे दिवस भरत आलेत, म्हणून शोपा आणि डिंकाचे लाडू एकाच दिवशी उरकायचं ठरवलं होतं. कढईतून वास वर आला आणि मी गॅस बंद करून ओट्याला टेकून उभीच राहिले. डेल्फ्टमधला 2011 चा जानेवारी आठवला.

लेक झाली तेव्हा आईचा व्हिसा वेळेत आला नव्हता. तिकडे सगळं सुरळीत असेल तर काही तासांत घरी पाठवतात. आम्ही दोघंच, बाहेर बर्फ, आणि बाळाला धरायचं कसं तेही धड माहीत नाही. सकाळी क्रामझोर्खच्या बाई आल्या. बाळंतिणीच्या मदतीला आठवडाभर रोज घरी येतात त्या. साठीच्या, उंच, सायकलवरून आलेल्या, गाल लाल झालेले. आधी बाळाचा ताप बघितला, मग माझे टाके, मग पाळण्यात ठेवायची गरम पाण्याची बाटली भरली, आणि स्वयंपाकघरात जाऊन एक गोल टोस्ट घेऊन आल्या. त्यावर लोणी आणि लोण्यावर गुलाबी-पांढरे साखरेचे दाणे. बेस्खाउट मेट माउशेस. मुलगी झाली की गुलाबी, मुलगा झाला की निळे (निळे 1994 पासून आले, त्याआधी मुलालाही गुलाबीच). घरी बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच देतात.

मी चावा घेतला आणि आत बडीशेपेसारखी चव! ॲनिसचा दाणा असतो तो, साखरेत घोळवलेला. बाई म्हणाल्या, याने दूध येतं, आमच्या आज्या सांगायच्या. तासाभरापूर्वीच आई फोनवर म्हणाली होती, "शोपा खातेस ना गं?" मला रडू आवरेना. बाईंनी काही विचारलं नाही. पाठीवरून हात फिरवला आणि दुसरा टोस्ट करून आणला.

माउशेस म्हणजे छोटे उंदीर. दाण्याला मागे बारीक देठ राहतो, तो शेपटीसारखा दिसतो म्हणून.

तिकडे राहिलेल्यांनी, जाऊन आलेल्यांनी लिहा ना. गोड, तिखट, आवडलेलं, न आवडलेलं, सगळं चालेल.

फोडणीचीपोळी
वाचून डोळे भरले गं. माझ्या वेळी आई होती, पण त्या क्रामवाल्या बाईंची आठवण आईलाच जास्त येते. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दिवसभर बोलायच्या. आईने त्यांना बाळाला तेल लावून दाखवलं होतं.

कल्हई
ड्रॉप. अजून कोणीच कसं लिहिलं नाही?

उट्रेख्तच्या गाडीत शेजारच्या आजोबांनी पिशवी पुढे केली. काळी नाण्यासारखी गोळी. चॉकलेट समजून तोंडात टाकली. ती निघाली दुहेरी खारट. आणि त्या क्षणी मला आमच्या वाड्यातला कल्हईवाला दिसला! भाता, निखारे, तापलेल्या पातेल्यावर तो नवसागर टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा, आम्ही पोरं नाक दाबून बघत बसायचो. तो वास जसाच्या तसा जिभेवर. नंतर वाचलं तर खरंच तेच आहे, खारट ड्रॉपमध्ये अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर असतो आणि काळा अर्क ज्येष्ठमधाचा. आजोबा माझ्याकडे बघत होते, थुंकणार कुठे? संपवली. त्यांनी दुसरी दिली, तीही खाल्ली.

वर्षभरात इतकी आवडायला लागली की आता कोणी येणार असेल तर हीच मागवतो. फक्त रक्तदाब असणाऱ्यांनी जपून. ज्येष्ठमधाने दाब वाढतो, माझ्या वडिलांना डॉक्टरांनी बंद करायला लावली.

रेल्वेरूळ
आमच्याकडे गाडीत कायम एक पिशवी असते. नवरा ती उघडतो आणि मागून दोघी मुली ओरडतात, "बाबा, खिडकी!!"

तव्यावरची
पॉफर्चेस! सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा जत्रेत गाडीवर नेलं. खोलगट वाट्यांचा मोठा काळा तवा, तो माणूस एका हाताने पीठ सोडतोय आणि दुसऱ्या हाताने काट्याने भराभर उलटतोय. सासूबाई तिथेच थबकल्या. "अगं, हे तर अप्पेपात्र." वर लोण्याचा गोळा आणि पिठीसाखर. त्यांनी दोन डिश खाल्ल्या आणि घरी आल्यावर म्हणाल्या, यात थोडा गूळ हवा होता. पिठात कुट्टूचं पीठ आणि यीस्ट असतं, म्हणून ती जाळी आणि किंचित आंबूस चव. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथल्या पॉफर्चेसच्या तव्यात रव्याचे अप्पे केले. तो तवा आता नागपुरात त्यांच्याकडे आहे.

शुद्धशाकाहारी_सोलापूर
पुढच्या महिन्यात आइंडहोवनला जातोय दोन वर्षांसाठी. अंडं अजिबात खात नाही. यातलं काय चालेल? आणि जाड जॅकेट इथून घ्यावं की तिथे?

तव्यावरची
जॅकेट तिथेच घ्या. आणि वाऱ्याचं, पावसाचं बघा, थंडीपेक्षा तेच जास्त. पॉफर्चेसमध्ये बहुतेकदा अंडं असतं, स्ट्रोपवाफलमध्येही (मधे पाक भरलेलं चपटं बिस्किट). पाकिटावर घटक बघा, डच भाषेत अंड्याला 'आय' म्हणतात. मऊ जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, ते सोडा.

क्राउटनोटन (मसाल्याची छोटी गोल बिस्किटं) घरी बिनअंड्याचे छान होतात. मी असे करते: 250 ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ (बेकिंग पावडर मिसळलेला मैदा), 125 ग्रॅम तपकिरी साखर, 100 ग्रॅम लोणी, 3 चमचे दूध, मोठा चमचाभर मसाला, चिमूटभर मीठ. मळून अर्धा तास ठेवायचं, करवंदाएवढ्या गोळ्या, 170 अंशांवर 15 मिनिटं. मसाला म्हणजे दालचिनी जास्त, मग जायफळ, लवंग, सुंठ, वेलची, पांढरी मिरी.

वेंगुर्ल्याची
हा मसाला वाचूनच लिहायला आले. दालचिनी सिलोनची, जायफळ बांडा बेटांवरचं, मिरी मलबारची. त्या मसाल्यांच्या पाठी डच कंपनी किती समुद्र फिरली आणि किती रक्त सांडलं. बांडाला 1621 मध्ये जे केलं ते वाचवत नाही. आमच्या वेंगुर्ल्यात त्यांची वखार होती, पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. पुढे हार्लेमला नोकरी लागली. डिसेंबरात बेकरीसमोरून जाताना स्पेक्युलासचा (याच मसाल्याच्या बिस्किटांचा) वास आला की मला ती वखारच दिसायची.

स्पेक्युलासचे लाकडी साचे बघितलेत का? पवनचक्की, जहाज, घोडा कोरलेला असतो. पाडव्याच्या साखरगाठींचे साचे आमच्या शेजारी होते, हात लावला तर तस्साच लागतो.

भरतीओहोटी
वेंगुर्ल्याची, तू माझ्या गावची निघालीस की! कुठल्या वाडीत?

मी लायडेनला पीएचडी केली. 3 ऑक्टोबर म्हणजे तिथला दसराच. 1574 साली स्पॅनिश वेढा उठला, शहर उपाशी होतं, सोडवायला आलेल्यांनी हेरिंग मासा आणि पांढरा पाव आणला. अजूनही त्या दिवशी सकाळी ते वाटतात. संध्याकाळी हुट्सपॉट: बटाटा, गाजर, कांदा उकडून घोटलेलं. स्पॅनिश सैनिक टाकून गेले त्या हंड्यात असलंच काही सापडलं, अशी गोष्ट सांगतात.

हुट्सपॉट मला फोडणीशिवाय कधी उतरलं नाही, पण हेरिंग! जूनमध्ये नवा येतो. मिठात मुरलेला, मऊ, लोण्यासारखा, वर बारीक कांदा. बरोबरची मुलं कच्चा म्हणून लांब पळायची. मी शेपटीला धरून सरळ तोंडात सोडायचो. दर शनिवारी बाजारातल्या गाडीवर. मावशींना माझा चेहरा पाठ झाला होता, लांबूनच कांदा चिरायला घ्यायच्या.

वेंगुर्ल्याची
उभ्यादांडा! विपू (विचारपूस, म्हणजे निरोप) करते. आता घाईत आहे, लेकीची शाळा सुटली.

सायकलचीघंटा
31 डिसेंबर आला की मला ओलीबोलन आठवतात आणि शेजारच्या आजी.

आम्ही ॲमर्सफोर्टला नवीन होतो. आजी ऐंशीच्या, एकट्या. दुपारी बेल वाजवून म्हणाल्या, तळताना कोणी सोबत असलं तर बरं वाटतं. अंगणात पातेलं मांडलं होतं, घरात तळणाचा वास राहतो म्हणून. यीस्टचं घट्टसर पीठ, त्यात बेदाणे आणि सफरचंदाचे तुकडे, दोन चमच्यांनी गोळा तेलात सोडायचा. मी म्हटलं, हे आमचे गुलगुले. त्यांनी तो शब्द लगेच उचलला. "खुलखुले." ग नाहीच ना त्यांच्याकडे, घशातून ख! वर पिठीसाखर, श्वास घेतला तरी नाकात. रात्री बारा वाजता फटाके सुरू झाले, त्या घाबरायच्या, म्हणून आमच्याकडे येऊन बसल्या. पुढची सहा वर्षं हेच.

2019 ला गेल्या. त्या वर्षी मी एकटीनेच तळले आणि त्यांच्या मुलीला नेऊन दिले. दारात दोघी रडलो.

फोडणीचीपोळी
🙏 बरं केलंस नेऊन दिलेस ते.

दुपारचाचहा
चहाच्या कपावर स्ट्रोपवाफल झाकणासारखा ठेवायचा, दोन मिनिटांत आतला पाक मऊ होतो. हे कोणी सांगितलं नाही अजून? गाउडाच्या बाजारात गरम खाल्लाय तो पाकिटातला खाणार नाही. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

मंगळवारची_सुट्टी
थोडं विषयाबाहेर, पण हेगमध्ये राहून सुरिनामी (सुरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत) 'बारा' खाल्ला नाही असा मराठी माणूस असेल का? उडदाच्या पिठाचा, मधे भोक, वर आंब्याची तिखट चटणी. मेदूवड्याचा सख्खा भाऊ. दुकानातल्या काकूंचे पणजोबा बिहारकडून सुरिनामला मळ्यांवर मजूर म्हणून नेले होते. 1873 ला पहिलं जहाज गेलं. त्या मला "बेटा" म्हणायच्या. घरापासून इतक्या लांब "बेटा" ऐकलं की पाय निघत नसे दुकानातून.

कल्हई
बारा डच पदार्थात धरायचा का?

मंगळवारची_सुट्टी
तिथल्या प्रत्येक जत्रेत मिळतो. मी धरते.

शुद्धशाकाहारी_सोलापूर
बारा शाकाहारी असतो का?

मंगळवारची_सुट्टी
हो. तरी विचारून घ्या. आणि मिरची कमी सांगा, ती तिकडची मिरची आपल्या लवंगीला मागे टाकते.

शुद्धशाकाहारी_सोलापूर
मी सोलापूरचा आहे ताई 😄

(धागाकर्ती)
सगळ्यांचं वाचतेय, मधेमधे लाडू वळतेय. सायकलचीघंटा, तुझ्या आजींचं लेकीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, या 31 ला आपण खुलखुले करायचे का? आणि भाचीचा आत्ताच फोन आला होता, तिला गुलाबी-निळे दोन्ही दाणे हवेत. डेल्फ्टकडून डिसेंबरात पुण्याला कोणी येणार असेल तर विपू करा.