वर्गातला भित्तिफलक मुलं थांबून बघतील असा कसा सजवावा? (मदत हवी आहे)

वहीचं_पान

नमस्कार मंडळी,

मी तिसरीला शिकवते. यंदा वर्गाचा भित्तिफलक माझ्याकडे आहे. सॉफ्टबोर्ड आहे, सहा फूट रुंद, चार फूट उंच. फळ्याच्या समोरच्या, म्हणजे मुलांच्या पाठीमागच्या भिंतीवर. दुपारी त्यावर खिडकीतून ऊन येतं.

फलकावर नेहमी रंगीत कागद, झालर, सुविचार, तक्ते असं सगळं असतं. मोठी माणसं दारातून बघून "छान केलंय" म्हणतात. मुलं मात्र पहिल्या दिवशी बघतात आणि मग त्या भिंतीकडे वळतही नाहीत. मला तो मुलांसाठी हवा आहे. मधल्या सुट्टीत दोघं-तिघं त्यापुढे उभी राहून "अरे, असं नाही, तसं आहे" म्हणत बोट दाखवताहेत, एवढं झालं तरी मला पुरे.

पार्श्वभूमीला कोणता रंग घ्यावा? मथळ्याची अक्षरं कापताना वेलांट्या आणि जोडाक्षरांत फार वेळ जातो, त्याला काही युक्ती आहे का? एका वेळी किती गोष्टी लावाव्यात? मुलांचं काम लावायचं तर सगळ्यांचं लावावं की निवडून? आणि दर आठवड्याला सगळं उतरवून नव्यानं लावणं मला जमणार नाही, हेही लक्षात घ्या.

रंगपेटी

ताई, मी चित्रकला शिकवतो, म्हणून रंग आणि अक्षरांबद्दल सांगतो.

पार्श्वभूमी एकच रंगाची ठेवा, तीही शांत. निळा, करडा, फिका हिरवा असे थंड रंग नजरेला मागे सरकल्यासारखे वाटतात आणि लाल, नारिंगी, पिवळा पुढे येतात. त्यामुळे गडद निळ्यावर पिवळा मथळा लांबूनही उठून दिसतो. लाल कागदावर हिरवी अक्षरं लावू नका. रंग वेगळे असले तरी दोन्हींचा गडदपणा सारखाच असतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा डोळ्यांपुढे थरथरतात. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुलं वर्गात असू शकतात, मुलग्यांत हे प्रमाण मुलींपेक्षा बरंच जास्त असतं. फलक झाला की फोनवर त्याचा कृष्णधवल फोटो काढा. त्यात मथळा विरला तर रंगजोडी बदला.

आता अक्षरं. फलक रंगवणारे ढोबळ हिशोब धरतात, की दहा फुटांवरून नीट वाचायला अक्षर निदान एक इंच उंच हवं. आपल्या लिपीत मात्रा, रफार, जोडाक्षरं एकमेकांना चिकटून येतात, म्हणून मी दुप्पट धरतो. वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून वाचता यावा असा मथळा चार इंचांचा करा आणि तीन-चार शब्दांत संपवा.

कापण्याची युक्ती अशी, की शिरोरेषा अक्षरासोबत कापायचीच नाही. अक्षरांची फक्त खालची अंगं कापा. ती फलकावर एका ओळीत लावून घ्या आणि वरून कागदाची एक सलग पट्टी शिरोरेषा म्हणून लावा. अंतर कमी-जास्त झालेलं असेल तर तेही पट्टीखाली सांभाळलं जातं. काना म्हणजे उभी पट्टीच, त्या एकदम ढीगभर कापून ठेवा. मात्रा, वेलांट्या, उकार वेगळे कापून एका पाकिटात जपून ठेवा, पुढच्या मथळ्याला तेच कामी येतात. फक्त पट्टीच्या वर दोन इंच आणि अक्षरांच्या खाली तेवढीच जागा आधीच सोडा. ती राहिली नाही तर दीर्घ वेलांटी झालरीत घुसते.

लावण्याआधी सगळं जमिनीवर मांडून बघा. फलकावर टाचण्या टोचत जागा शोधत बसलं की हमखास वाकडं होतं.

कडेची_ओळ

किती लावावं याबद्दल. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१४ साली याच विषयावर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवाडीच्या वयाच्या २४ मुलांना काही धडे भिंती भरगच्च सजवलेल्या वर्गात शिकवले आणि काही मोकळ्या भिंतींच्या वर्गात. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ धड्यावरून उडालेलं होतं, मोकळ्या वर्गात २८.४ टक्के. धड्यावरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के आली.

म्हणून भिंती कोऱ्या ठेवा असं मी म्हणणार नाही. इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १५३ वर्गखोल्या तपासून २०१५ मध्ये अहवाल दिला. त्यात भिंतीचा २० ते ५० टक्के भाग मोकळा ठेवावा असं सुचवलं आहे. म्हणजे सजावट हवी, पण श्वास घ्यायला जागा ठेवून. तुमचा फलक मुलांच्या पाठीमागे आहे हे उलट चांगलंच. शिकवताना तो डोळ्यांपुढे येत नाही, आणि सुट्टीत मुलं मागे वळली की समोरच दिसतो.

वहीचं_पान

रंगपेटी सर, शिरोरेषेची पट्टी ही कल्पना फारच आवडली, आजच पट्ट्या कापायला बसते. कडेची_ओळ, आकडे वाचून थोडं दडपण आलं, पण फळ्याभोवतीचे तक्ते कमी करायला आता माझ्याकडे कारण आहे.

तरी मूळ प्रश्न उरतोच. सुंदर फलकही दोन दिवसांत मुलांना दिसेनासा होतो. ती परत परत तिथे कशी येतील?

चौकटराजा

रोज त्याच जागी असलेली गोष्ट डोळे टाळायला शिकतात. त्यामुळे फलकावर एक तरी गोष्ट अशी ठेवा, जी बदलते किंवा मुलांना स्वतः बदलता येते. बाकीचा फलक महिनाभर तसाच राहिला तरी चालतो.

माझ्या वर्गात सगळ्यात चालतं ते कोड्याचं झाकण. जाड कागदाचा तुकडा वरच्या कडेनं चिकटवायचा, म्हणजे तो खिडकीच्या झडपेसारखा उचलता येतो. वर प्रश्न, आत उत्तर. "२४ ला कोणकोणत्या संख्यांनी पूर्ण भाग जातो?" असं असलं की मुलं आधी बोटांवर मोजतात आणि मगच उचलतात. प्रश्न बदलायला दोन मिनिटं लागतात.

दुसरं, अर्धवट सोडलेलं काम. जलचक्राचं चित्र काढून बाण न लावताच टांगा. बाण आणि "बाष्पीभवन", "सांद्रीभवन" अशा चिठ्ठ्या खाली पाकिटात ठेवा. एक गट लावतो, दुसरा गट येऊन बदलतो, आणि तुम्हाला हवा असलेला वाद आपोआप सुरू होतो. चुकीचं लावलेलं लगेच दुरुस्त करू नका, दिवसभर राहू द्या.

यासाठी उंची मात्र सांभाळा. तिसरीतल्या मुलांची नजर साधारण पावणेचार ते चार फुटांवर असते. वाचायचं, हाताळायचं सगळं त्या पट्ट्यात किंवा त्याच्या खाली. वरच्या भागात फक्त मथळा आणि एखादं मोठं चित्र. फलक बराच वर ठोकलेला असेल तर पाकिटं त्याच्या खालच्या भिंतीवर लावा. आणि मुलांच्या हाताच्या उंचीवर टाचण्या नकोत, तिथे दुहेरी चिकटपट्टी किंवा चिमटे वापरा.

झालरवाली

उन्हाचं थोडक्यात सांगते. क्रेप कागद तिथे अजिबात नको, त्याचा रंग सगळ्यात आधी उडतो. पार्श्वभूमीला जाड सुती कापड ताणून लावा. ते कागदासारखं फाटत नाही, टाचण्यांची भोकंही फारशी दिसत नाहीत, आणि वर्षभर बदलावं लागत नाही. स्केचपेनची शाईही उन्हात फिकी पडते, मुलांची चित्रं तैलखडू किंवा पोस्टर रंगात करून घ्या. उन्हाचा कोपरा बदलत्या मजकुराला द्या, तो फिका पडायच्या आत उतरतोच.

स्टेपलर वापरणार असाल तर तो उघडून, किंचित तिरका धरून मारा. पिनची एक बाजू वर राहते आणि काढताना कागद फाटत नाही.

कडेची_ओळ

सगळ्यांचं काम की निवडक, या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून परत आले. माझं मत ठाम आहे, सगळ्यांचं. निवडक लावलं की दर वेळी तीच चार-पाच नावं दिसतात आणि बाकीची मुलं फलक आपला नाही असं धरून चालतात. पण सगळ्यांचं एकदम लावलं की गर्दी होते, हेही खरं.

यावर मार्ग असा. प्रत्येकाला एक ठरलेली जागा द्या, वहीच्या अर्ध्या पानाएवढी, नावाची पट्टी आणि एक चिमटा लावून. तिथे काय लावायचं ते मुलानं स्वतः निवडायचं. गणिताचं उत्तर, चार ओळी, पानाचा ठसा, काहीही. हवं तेव्हा त्यानंच बदलायचं. वर्ग मोठा असेल तर दोन गट करा आणि पंधरवड्यानं पाळी बदला. तुमचं उतरवण्या-लावण्याचं काम तिथेच निम्मं होतं.

शुद्धलेखनाच्या चुका असलेलं लावावं का, असं पालक विचारतील. लावावं. शेजारी मुलानंच सुधारून लिहिलेला दुसरा मसुदा लावला तर वाचणाऱ्याला बदल कसा झाला तेही दिसतं.

वहीचं_पान

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवते आहे. गडद निळं कापड, पिवळा मथळा "शोधून तर पाहा", डावीकडे मुलांच्या जागा चिमट्यांसह, मधला पट्टा पूर्ण मोकळा आणि खिडकीकडच्या उजव्या बाजूला झाकणांचे प्रश्न व जलचक्र.

एकच शंका. सहा फुटांच्या निम्म्या भागात वर्गातल्या निम्म्या मुलांच्याच जागा बसतील असं दिसतंय. मधला पट्टा वापरू का?

रंगपेटी

नको, तो पट्टा मोकळाच राहू द्या, नाहीतर दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतील. फलकाच्या खालून भिंतीवर एक सुतळी ताणा आणि उरलेल्या मुलांचे चिमटे तिच्यावर लावा. ती जागा मुलांच्या नजरेच्या सगळ्यात जवळ आहे, तिथे यायला मुलं भांडतील.