मुलांचं स्की : ऊर्सों मिळालं, आता नोंदणी कोणत्या वर्गाला करायची?

ग्रनोबलकर
नमस्कार मंडळी. मुक्काम फ्रान्समधलं ग्रनोबल. धाकटी सहा वर्षांची. गेल्या फेब्रुवारीत ईएसएफच्या (फ्रेंच स्की शाळेच्या) आठवड्याच्या वर्गात तिला 'ऊर्सों' हे नवशिक्यांचं पदक मिळालं. या सुट्टीसाठी जवळच्या शामरूसच्या स्की केंद्रात नोंदणी करायची आहे. फॉर्मवर 'ऊर्सों' निवडायचं की 'फ्लोकों'?
थोरला आठ वर्षांचा, त्याच्याकडे 'पहिला तारा' आहे. निळ्या (सोप्या) उतारावर बरा उतरतो, पण लाल (अवघड) उतारावर नेलं की पाय फाकवून नुसता 'पिझ्झा' करतो, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब. मांड्या भरून येतात म्हणतो. जमेना की घाई झाली? आणि काठ्या कधी द्यायच्या?

हिमांगी_आल्प्स
फ्लोकों निवडा. इथे बऱ्याच आईबाबांचा गोंधळ होतो, कारण पदकाचं आणि वर्गाचं नाव एकच. 'फ्लोकोंचा वर्ग' म्हणजे फ्लोकों मिळालेल्यांचा नव्हे, फ्लोकों मिळवू पाहणाऱ्यांचा. तुमच्या लेकीने पुन्हा ऊर्सों घेतलं तर तिचा आठवडा नवशिक्यांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याशेजारीच जाईल.

क्रम असा: अगदी लहानग्यांचं पियू-पियू, मग ऊर्सों (अस्वलाचं पिल्लू), फ्लोकों (हिमकण), पहिला, दुसरा, तिसरा तारा, कांस्य तारा, सुवर्ण तारा. त्यापुढे फ्लेश आणि शामवा, त्या वेळ लावून होणाऱ्या स्लालमच्या, म्हणजे खांबांमधून वळत उतरण्याच्या परीक्षा.

ऊर्सोंला पिझ्झा करून थांबता आलं, थोडं वळता आलं की झालं. फ्लोकोंला पिझ्झातच वेग ताब्यात ठेवून सलग वळणं घ्यायची, सांगितलं तिथे थांबायचं, सोप्या उतारावर स्की समांतर ठेवून सरळ घसरायचं आणि तोल दाखवायचा, म्हणजे छोटी उडी मारायची किंवा एक पाय उचलायचा. पहिल्या ताऱ्याला उतार आडवा कापताना स्की समांतर हव्यात. खरी अवघड पायरी दुसऱ्या ताऱ्याला आहे: वळण संपताना स्की समांतर, शिवाय आडवं घसरणं आणि उंचसखल बर्फावर न बिचकणं. तिसऱ्याला खुणेच्या काठ्यांमधून समांतर वळणं.

खालची पदकं साधारण आठवड्याला एक मिळतात. दुसरा आणि तिसरा तारा वर्षाला एकच आठवडा स्की करणाऱ्या मुलाला दोन-दोन हंगाम घेतो. त्यात काही चुकलेलं नसतं.

नोंदणीत चूक झालीच तरी पहिल्या दिवशी शिक्षक एक धाव बघून मुलाला वरखाली हलवतात. मात्र सुट्टीच्या गर्दीत वरच्या गटात जागा नसली तर अडकायला होतं. प्रगतीची छोटी वही मिळाली असेल तर सोबत न्या.

कडेलोट
थोरल्याबद्दल लिहितो. घाई झाली आहे.

मूल उतार बघून घाबरलं की मागे रेलतं. वजन टाचांवर गेलं की स्कीची टोकं बर्फ सोडतात, स्की वळत नाही, मग ब्रेक म्हणून पिझ्झा आणखी रुंद. रुंद पिझ्झात दोन्ही स्की आतल्या कडेवर गच्च रुतलेल्या, त्यामुळे समांतर आणायला सोडवणारच कशा? सगळा भार मांड्यांवर. लाल उतारावर तो समांतर शिकत नाही, पिझ्झाच पक्का करतो आहे.

त्याला परत निळ्यावर आणा, तोही सोपा निवडा. वेग स्की फाकवून नाही, वळण लांबवून कमी करायचा. वळण घेतल्यावर लगेच पुढचं सुरू न करता स्कीची टोकं किंचित वर डोंगराकडे येईपर्यंत फिरू द्यायचं, म्हणजे आपोआप थांबतो. डाव्या-उजव्या बाजूने असं दहा-दहा वेळा. हे हातात बसलं की उताराची भीती अर्धी होते.

दुसरा सराव आडवं घसरण्याचा. उताराला आडवं उभं राहायचं, स्की जवळजवळ. गुडघे किंचित दरीकडे सोडले की स्की सपाट होऊन घसरते, डोंगराकडे दाबले की कड लागून थांबते. घसर, थांब, घसर, थांब. मला विचाराल तर समांतर वळणाची किल्ली हीच, आणि पालक नेमकं हेच कंटाळवाणं म्हणून टाळतात.

वजनासाठी विमानाचा खेळ: हात पसरायचे आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पंख खाली. डावीकडे वळताना उजवा. लहान मुलं हमखास उलटं करतात, वळायचं तिकडेच झुकतात. त्याने वजन आतल्या स्कीवर जातं आणि बाहेरची निसटते.

धाकटीसाठी एकच: नजर स्कीच्या टोकांवर नको. तुम्ही खाली दहा मीटरवर उभे राहून हाताची बोटं दाखवा आणि किती ते तिला ओरडून सांगायला लावा. मान वर आली की कंबरही वर येते.

बूटवाला
मागे रेलण्याचं कारण पुष्कळदा बुटात असतं, भीतीत नाही. मोठा बूट घेऊन दोन वर्षं वापरू, हा आपला हिशेब इथे चालत नाही.

बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. १९.५ चं पाऊल, १९.५ चा बूट. वाढीला फार तर एक सेंटिमीटर. आतला मऊ बूट बाहेर काढून मुलाला त्या मऊ बुटात उभं करा आणि टाच मागे टेकवा. पुढे बोटभरापेक्षा जास्त जागा उरली तर बूट मोठा. मोजा एकच, पातळ, गुडघ्याखालपर्यंतचा. थर्मलची पँट बुटात खोचायची नाही, तिची शिवण नडगीवर रुतते आणि दुपारपर्यंत मूल रडायला लागतं. बकल लावल्यावर गुडघा वाकवला की नडगी बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे, टाच उचलली जाता कामा नये.

स्कीची लांबी छाती ते हनुवटी. सहा वर्षांच्या मुलीला छातीपर्यंतची. बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारा खटका) वजन, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य बघून दुकानदारच लावतो. स्क्रूला हात लावू नका. घट्ट असेल तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो.

काठ्या धाकटीला नकोच. हात काठ्यांशी खेळत राहतात आणि लिफ्टवर अडचण. थोरल्याला दुसऱ्या ताऱ्याच्या वर्गात शिक्षक म्हणतील तेव्हा. मापासाठी काठी उलटी धरायची, टोकाजवळच्या चकतीच्या खाली मूठ ठेवायची, कोपर काटकोनात आलं की बरोबर.

ग्रनोबलकर
थोरल्याचा भाड्याचा बूट मोजला. पाऊल २१, बूट २३! धाकटीला फ्लोकों टाकलं. थोरल्याला दुसऱ्या ताऱ्याचाच वर्ग ना? आणि पुढल्या वर्षी स्वित्झर्लंडला गेलो तर ही पदकं चालतात का?

हिमांगी_आल्प्स
हो, दुसरा ताराच, बूट बदलून. स्विसांची वेगळी पद्धत: निळी, लाल, काळी अशा तीन लीग, प्रत्येकीत प्रिन्स, किंग, स्टार. तिकडे फ्रान्ससारखे हिरवे, सगळ्यात सोपे उतार नसतात, सगळ्यात सोपा निळाच. पदकाचं नाव सांगू नका, काय येतं ते सांगा: 'निळ्यावर सलग वळतो, आडवं घसरतो, वळणाच्या सुरुवातीला अजून पिझ्झा.' तेवढ्यावर गट ठरतो.